क्रोशाचे प्राण्यांचे कोस्टर: या चुका टाळा

कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायची चकती, विणायला शिकणाऱ्या मुलींचं लक्ष पहिल्या मिनिटापासून कानांवर असतं. मांजराचे कान कसे करायचे? अस्वलाचं नाक कधी लावायचं? अगं, आधी गोल तर सपाट होऊ दे! कप डुगडुगत असेल तर वरचा प्राणी कितीही गोजिरवाणा असला तरी तो कोस्टर शेवटी खणात पडून राहतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टाके न मोजणं. मुक्या खांबाचा, म्हणजे बुटक्या टाक्याचा, गोल 6 टाक्यांनी सुरू होतो आणि दर ओळीत 6 टाके वाढतात: 6, 12, 18, 24, 30. साध्या खांबाने, म्हणजे त्याहून उंच टाक्याने, विणलंत तर सुरुवात 12 ची आणि वाढही 12 ची. टाके कमी पडले की वाटी होते, जास्त झाले की झालर.

हे मला माहीत होतं, तरीही एका मैत्रिणीसाठी सहा अस्वलं विणताना गप्पांच्या नादात मोजणी सुटली. ओळीचा शेवटचा टाका दरवेळी निसटत होता. सहाही अस्वलांची वाटी झाली. भेट द्यायची ती दुसऱ्या दिवशी, उसवायचं जिवावर आलं, म्हणून ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. लोकर अ‍ॅक्रिलिकची होती. पहिलं अस्वल सपाट झालं खरं, पण टाके चपटे आणि चकचकीत झाले, अंगातला सगळा भरीवपणा गेला. उष्णतेने लुळी पडलेली अ‍ॅक्रिलिक लोकर पुन्हा फुलत नाही. उरलेली पाच मी रात्री बसून उसवली. तेव्हापासून ओळीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवते आणि प्रत्येक ओळ संपली की मोजते. चूक दिसली की लगेच उसवते. ‘पुढच्या ओळीत दोन टाके वाढवून घेऊ’ हा उपाय मला अजिबात मान्य नाही; तिथे फुगवटा राहतोच.

मोजणी बरोबर असूनही कडा वर येत असेल तर हात घट्ट आहे. अर्ध्या मिलिमीटरने जाड क्रोशाची सुई घ्या. गोलाचा षटकोन होत असेल तर वाढवलेले टाके एकावर एक येताहेत. एकाआड एक ओळीत त्यांची जागा थोडी सरकवा.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे मधोमध लावलेले प्लॅस्टिकचे डोळे आणि कापूस भरलेलं नाक. कपाचा तळ नेमका तिथेच टेकतो. खेळण्यावर हे शोभतं, कोस्टरवर नाही. डोळे, नाक, मिशा सपाट टाक्यांनी भरतकामासारख्या काढा आणि मागे जाड गाठी ठेवू नका. उठावाचं जे काही आहे, कान, पंजे, शेपूट, ते कपाच्या तळाबाहेर, कडेला. कोस्टर साधारण 10 सेंटिमीटर रुंद केला की कडेला एवढी जागा मिळते.

सुती दोराच घ्या. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषत नाही, थंड ग्लासाचं पाणी टेबलावरच उतरतं.

पॅटर्न, म्हणजे विणीची लिहिलेली कृती, अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते आधी बघा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, दोन्ही आपला मुका खांबच. हे न बघता विणलं की माप पूर्ण बिघडतं.

गडद लाल किंवा काळा दोरा पांढऱ्याशेजारी येणार असेल तर त्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा. रंग उतरून राखाडी झालेले पांडाचे गाल मी पाहिलेत.

दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका, धुतल्यावर सुटतात. शिवायच्या जाड सुईने आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवा. मी बोटभर लांब टोक ठेवते.

आणि कान वेगळे विणून शिवत बसू नका. गोलाची शेवटची ओळ झाली की दोरा न तोडता कडेवरच विणा. आधी कानांच्या जागा मोजून दोन खुणा करा, म्हणजे एक कान कपाळावर आणि दुसरा गालावर येणार नाही.