संत्र्याला फूल लागलं, आता बुंधा पाहा

नाल्याकाठचा पळस पेटला. बांधावरच्या काटेसावरीनं पानं टाकून लाल फुलं धरली. विदर्भाच्या संत्रापट्ट्यात, वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत, आंबिया बहाराचे बगीचे कळीवर आले आहेत. पोपटी नवती फुटली आहे आणि संध्याकाळी बगीच्यात पाय ठेवला की फुलांचा वास अंगाला लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडं ताणावर ठेवताना जीव टांगणीला लागलेला असतो. म्हणून हा वास आला की घरातली लहानथोर सगळी एकदा तरी बगीच्यात फिरून येतात. यावंच.

पण याच पंधरवड्यात आपण सगळे मान वर करून फिरतो. बगीचा जातो तो खालून, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

माझ्या विहिरीजवळच्या ओळीत बारा वर्षांचं एक झाड होतं. एका माघात ते सगळ्यांच्या आधी फुललं, आणि असं फुललं की पान दिसेना. आल्या-गेल्याला मी ते दाखवत होतो. मृग लागेपर्यंत ते वाळलं. बोराएवढी फळं फांदीलाच लटकून राहिली. उपटलं तेव्हा बुंध्याची साल हातानं सुटून आली. आतून तपकिरी, ओली, आंबूस वासाची. डिंक्यानं, म्हणजे बुंध्यातून डिंक गळवणाऱ्या रोगानं, साल चहूबाजूंनी खाल्ली होती. पुढच्या दोन वर्षांत त्याच दांडावरची, म्हणजे पाण्याच्या पाटावरची, आणखी दहा झाडं गेली.

तेव्हापासून माझा ठोकताळा आहे: ज्या झाडाला मापापेक्षा जास्त फूल आणि पानांच्या शिरा पिवळ्या, त्याचा बुंधा आधी पाहायचा. ते झाड बहरलेलं नसतं, जाता जाता फुललेलं असतं. हा माझ्या वावरातला अंदाज आहे, पण फार कमी वेळा चुकला.

डिंक्याची बुरशी, फायटोफ्थोरा, मातीतच असते. तिला पसरायला पाणी लागतं. आपल्याकडची बरीच कलमं जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर बांधलेली आहेत आणि जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते. त्यात वीज रात्रीची. मोटर सुरू करायची, दांड फोडायचा आणि घरी येऊन झोपायचं. सकाळपर्यंत बुंधा पाण्यात. दोष कष्टाचा नाही, वेळेचा आहे हे मला कळतं. पण झाडाला ते कळत नाही. म्हणून आळंच असं करा की तुम्ही नसलात तरी पाणी बुंध्याला लागणार नाही: बुंध्यापासून दीड फुटावर मातीचा एक गोल वरंबा, दुसरा झाडाच्या घेराबाहेर, ओलीत फक्त दोघांच्या मधे. ठिबक असेल तर ड्रिपर बुंध्यापासून दूर सरकवा. बुंध्याला चढलेली माती ओढून घ्या. कलमाचा जोड उघडा दिसलाच पाहिजे.

डिंकाचा थेंब दिसला की धारदार चाकूनं साल खरवडा. आतला हिरवट पांढरा, निरोगी भाग लागेपर्यंत थांबू नका. खरवड पोत्यावर गोळा करून जाळा, आळ्यात पडू देऊ नका. जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटनं धुवा आणि मग बोर्डो पेस्ट लावा.

पेस्ट घरीच करा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरवा आणि सकाळी दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओता. भांडी प्लास्टिकची, लोखंडी नकोत. विळ्याचं स्वच्छ पातं त्यात बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडी चुन्याची निवळी वाढवा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा आणि त्याच दिवशी संपवा. रोग नसलेल्या झाडांनाही लावा.

कृषी केंद्रात गेलात तर आधी फुलोऱ्याच्या टॉनिकची बाटली समोर येते. बुंधा सडत असताना वर फवारलेलं टॉनिक पैशाची माती आहे. तेवढ्या पैशाचा मोरचूद-चुना आणा. रोग मुळापर्यंत गेला असेल तरच मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब, २.५ ग्रॅम प्रति लिटर, झाडाच्या घेरात मातीत ओतून आळवणी करा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी १०० ग्रॅम प्रति झाड शेणखतातून द्यायची, पण या आळवणीनंतर वीस दिवसांनी.

बाकीची कामं:
– सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, राहिली असेल तर काढा, बगीच्याबाहेर जाळा.
– दहा वर्षांवरच्या झाडाला वर्षाचं ८०० ग्रॅम नत्र, त्यातलं अर्धं ताण तोडताना, अर्धं फळधारणेनंतर.
– नवतीवर सायला ही रस शोषणारी कीड दिसल्यास निंबोळी तेल १० मिलि प्रति लिटर.
– उमललेल्या फुलांवर कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात.
– घेरात पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून दूर.

आणि आभाळाकडे लक्ष ठेवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भात कशी गारपीट झाली ते विसरू नका. गारांनी सोललेल्या फांद्यांतून बुरशी शिरते. गारपीट झाल्यास मोडक्या फांद्या कापून कॉपर ऑक्सिक्लोराईड ३ ग्रॅम प्रति लिटर लगेच फवारा आणि आळ्यात साचलेलं पाणी त्याच दिवशी काढा. ढग जमत असतील तर पेस्ट करणं-लावणं दोन दिवस थांबवा. आळी मात्र आजच करा.

खरवडलेल्या झाडांना चुन्यानं खूण करून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा सकाळच्या उन्हात पुन्हा पाहा. पेस्टखालून नवा, ओला थेंब आला असेल तर साल अर्धवट खरवडली गेली आहे. चाकू घेऊन परत बसा.