शुक्रवारी तळ्याकाठी मासे: लेक जिनिव्हाला ‘फिश फ्राय’ कुठे आणि कसा खावा

मुंबईतल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातही शुक्रवार मासळीचाच, फक्त तिथे त्याची वाट वेगळ्या गावावरून आली. जर्मनी आणि पोलंडमधून येऊन स्थायिक झालेले कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, मासा मात्र चाले. पुढे १९२० ते १९३३ अशी दारूबंदी आली. गुत्तेवाल्यांना गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी हवं होतं आणि मिशिगन सरोवरातला मासा तेव्हा स्वस्त होता, म्हणून त्यांनी शुक्रवारी तळलेला मासा वाढायला सुरुवात केली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी वर्षभराच्या शुक्रवारच्या मांसत्यागाचं बंधन सैल केलं, तरी सवय सुटली नाही. आज चर्चला जाणारे, न जाणारे, सगळेच शुक्रवारी संध्याकाळी मासा खायला बाहेर पडतात.

‘फिश फ्राय’ म्हटलं की आपल्यासमोर रव्यात घोळलेली, तव्यावरची सुरमईची तुकडी येते. विस्कॉन्सिनमध्ये त्या दोन शब्दांत अख्खं ताट येतं: तळलेला मासा, बटाट्याचा एखादा प्रकार, कोबीचं कोलस्लॉ, राय ब्रेडचा तुकडा, टार्टर सॉस आणि लिंबाची फोड. शिकागो किंवा मिलवॉकीकडे राहणाऱ्या, किंवा मुलांकडे तिथे आलेल्या मराठी माणसाला हे ताट खायचं असेल, तर मी लेक जिनिव्हाचा परिसर सुचवेन. सुमारे १२ किलोमीटर लांबीचं स्वच्छ पाण्याचं तळं, त्याच्या पूर्वेला लेक जिनिव्हा, उत्तरेला विल्यम्स बे आणि पश्चिमेला फाँटाना, अशी तीन गावं. शिकागोपासून साधारण ८० मैल, मिलवॉकीपासून त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. १८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर तिथल्या धनिकांनी इथे बंगले बांधले आणि तेव्हापासून हा सुट्टीचा मुलूख झाला.

आधी मासा ठरवा

बहुतेक लोक आधी जागा ठरवतात आणि टेबलावर बसल्यावर मेनू उघडतात. मी उलट सांगते. कुठला मासा खायचा हे घरीच ठरवा, कारण सगळीकडे सगळे मासे मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त मिळतो तो कॉड. हा समुद्रातला मासा, बर्फात गोठवून इथवर येतो. जाड, पांढरा, शिजल्यावर पाकळ्या पाकळ्यांनी सुटणारा. बिअर घालून भिजवलेल्या पिठात बुडवून तळला की बाहेरचं कवच फुगतं आणि आतला मासा वाफेवर शिजल्यासारखा मऊ राहतो. ‘हवं तितकं खा’ अशी पाटी दिसली, तर ती जवळपास नेहमी कॉडची असते.

पण विस्कॉन्सिनच्या माणसाला विचाराल तर तो पर्चचं नाव घेईल. मेनूवर त्याला ‘लेक पर्च’ म्हणतात. हा गोड्या पाण्यातला छोटा, पिवळसर मासा. पाठीतून उघडून, काटा काढून, दोन्ही बाजू जोडलेल्या ठेवूनच तळतात, बऱ्याचदा सालीसकट. चव नाजूक आणि किंचित गोड. आपल्या मुडदुश्यांची आठवण यावी अशी. पर्चला जाड पिठाचं आवरण शोभत नाही, त्याच्या चवीवर ते आवरणच चढून बसतं. म्हणून कॉड असेल तर बिअरचं पीठ आणि पर्च असेल तर नुसता ब्रेडचा चुरा किंवा मैद्याचा पातळ हात, हे लक्षात ठेवा. पर्च कॉडपेक्षा महाग असतो आणि त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात मिशिगन सरोवरातला पर्च झपाट्याने घटला आणि विस्कॉन्सिनने ग्रीन बेचा भाग वगळून त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली. एके काळी गरिबाचं शुक्रवारचं जेवण असलेला मासा आता दुरून मागवावा लागतो.

तिसरा वॉलाय. घट्ट, पांढऱ्या मांसाचा, गोड्या पाण्यातला. हॉटेलात येणारा बहुतेक कॅनडातल्या तळ्यांतला असतो. तळलेलं नको असेल तर भट्टीत भाजलेला वॉलाय मागवावा, तो कोरडा पडत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचा समज हाच असतो. समोरच्या तळ्यात गळ टाकून बसलेली माणसं दिसतात, पण तुमच्या ताटातला मासा त्या तळ्यातला नसतो. हौशी माणसाने तळ्यातून पकडलेला मासा विकायला विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ‘ताजा, आत्ताच काढलेला’ अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथली करामत तळणाऱ्याच्या हातात आहे.

मग जागा

मासा ठरला की प्रश्न उरतो, तळं डोळ्यांसमोर हवं की नको. दोन्ही गोष्टी उत्तम मिळाव्यात असं वाटणं साहजिक आहे, पण पाण्याला खेटून असलेल्या जागांवर उन्हाळ्यात इतकी गर्दी लोटते की स्वयंपाकघराची दमछाक होते. घाईत तळलेला मासा तेल पितो.

तळं समोर हवं असेल तर विल्यम्स बेमधलं पिअर २९० पाहा. बोटींच्या धक्क्यालाच लागून आहे, लोक बोटीने येऊन तिथे उतरतात. फाँटानाला किनाऱ्यासमोर चक्स लेकशोअर इन आहे, तिथली हवा जास्त मोकळी, गावातल्या गुत्त्यासारखी. सूर्यास्त पाहायचा असेल तर एक साधी गोष्ट ध्यानात ठेवा: फाँटाना पश्चिम टोकाला असल्याने तिथून पाण्याकडे पाहिलं की सूर्य पाठीशी मावळतो. त्यासाठी पूर्वेचं लेक जिनिव्हा गाव बरं. जूनच्या शेवटी सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे लवकर जेवून निवांत काठावर येता येतं.

माझा स्वतःचा कल मात्र मोठं तळं सोडून थोडं बाजूला जाण्याकडे आहे. जवळच लेक कोमो नावाचं छोटं, उथळ तळं आहे आणि त्याच्या काठी मार्स रिसॉर्ट. नावात रिसॉर्ट असलं तरी हा जुन्या वळणाचा सपर क्लब आहे. सपर क्लब म्हणजे विस्कॉन्सिनची खास खानावळ: मंद दिवे, लाकडी भिंती, आत शिरताच बार, आणि जेवणाला कुणी घाई करत नाही. डेलाव्हन तळ्याच्या काठचा व्हिलेज सपर क्लबही त्याच पठडीतला.

याशिवाय दोन जागा पर्यटकांना सहसा सापडत नाहीत. माजी सैनिकांच्या संघटनांचे हॉल आणि चर्चची सभागृहं. ईस्टरच्या आधीच्या लेंट या उपवासकाळाच्या ४० दिवसांत चर्चमध्ये शुक्रवारी मासे तळले जातात. लांब टेबलं, कागदी थाळ्या, वाढायला गावातलीच माणसं, आणि मिळालेले पैसे गावाच्या कामाला. आपल्याकडच्या उत्सवातल्या पंगतीला बसलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. गावातल्या किराणा दुकानाच्या फलकावर त्यांच्या जाहिराती लागतात.

कुठेही जायचं ठरवा, पण गुरुवारी फोन करा. तीनच प्रश्न विचारायचे: उद्या पर्च आहे का, किती वाजता सुरू करता, आणि टेबल आधी राखून ठेवता का. एका जुलैत आम्ही न विचारता सात वाजता पोचलो होतो. आई नुकतीच दापोलीहून आलेली, तिला पर्च खिलवायचा म्हणून मी आठवडाभर सांगत होते. पावणेदोन तास थांबलो आणि टेबल मिळालं तेव्हा पर्च संपला होता. आईने कॉड खाल्ला, तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ह्याला काटाच नाही?” तिच्या लेखी काट्याशिवाय मासा म्हणजे अर्धी मजा गेली.

निघायची वेळ

साडेचार ते पाचच्या दरम्यान दारात असणं हे सगळ्यात उत्तम. शिकागोहून येताना रूट १२ धरतात. रिचमंड या गावात तो अरुंद होतो आणि उन्हाळ्यातल्या शुक्रवारी दुपारी तीननंतर तिथे गाड्यांची रांग लागते. अर्धा दिवस रजा घेऊन एकला निघालात तर रस्ता मोकळा मिळेल आणि हातात दोन तासही राहतील. मिलवॉकीहून आय-४३ ने एल्कहॉर्न, तिथून रूट ६७ ने विल्यम्स बे, हा सोपा मार्ग.

त्या दोन तासांत तळ्याकाठची पायवाट चाला. सुमारे २१ मैलांची ही वाट मूळची इथल्या आदिवासींची आणि आजही सगळ्यांना खुली आहे. ती थेट कोट्यधीशांच्या बंगल्यांच्या अंगणांतून जाते. लेक जिनिव्हाच्या ग्रंथालयापासून सुरू करून तासभर गेलात आणि परत आलात तरी भूक चांगली लागते. गावात गाडी लावायला पैसे पडतात, त्याची तयारी ठेवा.

पोचल्यावर

दारातल्या माणसाकडे नाव नोंदवा आणि बारपाशी जा. हा थांबण्याचा वेळ फुकट गेला असं समजू नका. शेजारी बसलेली माणसं आपणहून बोलतात, कुठल्या दिवशी कुठे चांगलं मिळतं ते इथेच कळतं. इथलं पेय म्हणजे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. बाकी अमेरिका ते व्हिस्कीत करते, विस्कॉन्सिन ब्रँडीत. पेल्यात साखर, बिटर्सचे थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी ठेचतात, वर ब्रँडी आणि बर्फ. मग विचारतात, ‘स्वीट, सावर की प्रेस?’ स्वीट म्हणजे लिंबू-सोड्यासारखं गोड पेय घालून, सावर म्हणजे आंबटसर, प्रेस म्हणजे निम्मं गोड आणि निम्मा साधा सोडा. पहिल्यांदा प्रेस घ्या, जेवणाआधी फार गोड होत नाही. गाडी कोण चालवणार हे मात्र घरून निघतानाच ठरवा, परतीचे रस्ते अंधारे आणि हरणांचे आहेत. मुलांना घेऊन बारपाशी बसायला इथे कुणी नाक मुरडत नाही. त्यांच्यासाठी चेरी घातलेलं लाल, बिनदारूचं ‘किडी कॉकटेल’ मिळतं.

मागवताना बटाट्याचा प्रकार विचारतात. फ्रेंच फ्राइज घेऊ नका, ते कुठेही मिळतात. पोटॅटो पॅनकेक असेल तर तोच. किसलेला बटाटा, कांदा, अंडं आणि थोडा मैदा, असं आपल्या बटाट्याच्या किसाच्या थालीपिठाचं जर्मन भावंड. सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर येतो. तळलेल्या बटाट्यावर गोड गर हे ऐकायला विचित्र वाटतं, पण साबुदाणावडा गोड दह्यात बुडवून खाणाऱ्याला पहिल्या घासातच पटेल. राय ब्रेडमध्ये शहाजिऱ्यासारखे दाणे लागतील, त्याला लोणी लावून माशाच्या मधेमधे खा.

मासा आला की पहिला घास नुसता, फक्त लिंबू पिळून. आपल्या जिभेला तो अळणी वाटेल. हळद, तिखट, आगळ यांतलं काहीच नाही, हे मान्य करून दुसरा घास घ्या, मग माशाची स्वतःची चव लागायला लागते. हॉट सॉस मागितला तर आनंदाने देतात, पण तो कॉडसाठी ठेवा. पर्चवर घालू नका. ‘हवं तितकं खा’ असेल तर पुढचे तुकडे दोन-दोनच मागवा, म्हणजे प्रत्येक वेळी कढईतून थेट ताटात येतील. बिलावर १८ ते २० टक्के टिप ठेवण्याची रीत आहे.

सोबत शाकाहारी असतील तर

चीझ कर्ड्स मागवा, विस्कॉन्सिनच्या ताज्या चीजचे तळलेले गोळे. पण बऱ्याच ठिकाणी एकाच तेलात मासे आणि बाकी सगळं तळतात. हे आधी विचारून घ्या, लोक खरं सांगतात. तेल एकच असेल तर भाजलेला बटाटा, सॅलड आणि ब्रेड. विल्यम्स बेला तर नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर आणि त्यांच्या पत्नी ललिताबाई १९३७ पासून जवळजवळ तीन दशकं राहिले, शाकाहारी राहून. ते जिथे काम करत ती यर्कीस वेधशाळा १८९७ ची. ४० इंची भिंगाची तिथली दुर्बीण आजही त्या प्रकारातली जगातली सर्वांत मोठी. तिकीट काढून आतून पाहता येते, तेव्हा शुक्रवारी दुपारी आधी वेधशाळा आणि संध्याकाळी त्याच गावात जेवण, असा बेत नक्की जमवा.

श्रावण पाळणाऱ्यांची पंचाईत होते, कारण तो नेमका इथल्या उन्हाळ्याच्या ऐन भरात येतो. त्यांनी ऑक्टोबर गाठावा: झाडं लाल-पिवळी झालेली, पर्यटक ओसरलेले, टेबल लगेच मिळतं. किंवा थेट जानेवारी-फेब्रुवारी. तळं गोठलेलं, बर्फावर मासे धरायला बसलेल्यांच्या राहुट्या, आणि आत सपर क्लबमध्ये सगळे गावकरी. जानेवारीत सूर्य साडेचार-पाचलाच मावळतो, त्यामुळे पाच वाजताही रात्रीचं जेवण जेवल्यासारखं वाटतं. मला स्वतःला हाच मोसम सगळ्यात आवडतो.

मासा बांधून घरी नेऊ नका. डब्यात वाफ धरून कवच दहा मिनिटांत लिबलिबीत होतं. उरलाच तर गाडीत डबा उघडा ठेवा आणि घरी आल्यावर मायक्रोवेव्हऐवजी कडक तापलेल्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवून गरम करा. घरात शनिवार पाळत असतील तर हे काम बाराच्या आत उरका.