रीसेट करूनही स्विचमधील जुने व्हीलॅन जात नसतील तर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी घेतलेल्या जुन्या सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर (नेटवर्कमधील संगणक जोडणारे उपकरण) 'इरेज स्टार्टअप-कॉन्फिग' (साठवलेली मांडणी पुसणे) व 'रीलोड' (स्विच पुन्हा सुरू करणे) या आज्ञा दिल्यानंतरही 'शो व्हीलॅन ब्रीफ'मध्ये पूर्वीचेच व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) दिसत होते. वीजपुरवठा बंद-चालू करूनही फरक पडला नाही आणि मनस्ताप मात्र पुष्कळ झाला.

याचे कारण असे की, व्हीटीपी (स्विचनी व्हीलॅनची यादी एकमेकांना कळवण्याची सिस्कोची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असताना व्हीलॅनची नोंद स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये नसून फ्लॅशमधील (स्विचच्या कायमस्वरूपी मेमरीतील) 'व्हीलॅन.डॅट' या स्वतंत्र फाइलमध्ये असते.

प्रथम ट्रंकच्या (दोन स्विच जोडून अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या) केबल काढाव्यात, कारण त्याच व्हीटीपी डोमेनमधील (गटातील) शेजारचा स्विच जुनी यादी परत पाठवू शकतो. हा टप्पा कोणीही गाळू नये, अशी कळकळीची विनंती आहे. मग कन्सोलवरून (संगणक स्विचला थेट जोडून) 'इनेबल' या विशेषाधिकार मोडमध्ये जाऊन 'डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट' द्यावे. फाइलचे नाव काळजीपूर्वक तपासावे, कारण आयओएसची (स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) इमेजही त्याच फ्लॅशमध्ये असते. नाव विचारले जाते तेव्हा 'वाय' न लिहिता केवळ एंटर दाबावे, अन्यथा 'वाय' हेच फाइलचे नाव समजले जाते. पुढच्या खात्रीच्या प्रश्नालाही एंटरच पुरते. त्यानंतर 'इरेज स्टार्टअप-कॉन्फिग', मग 'रीलोड', आणि बदल जतन करण्याबद्दल विचारल्यास 'नो'. स्विच पुन्हा सुरू झाल्यावर १ आणि १००२ ते १००५ एवढेच व्हीलॅन उरतात.