शेंड्याने मान टाकली की कात्री घ्या: वांग्यातली अळी आवरण्याचे दिवस हेच

श्रावणात पुनर्लागण केलेलं वांगं आता महिन्याचं होत आलंय. चातुर्मासात वांगं सोडणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की ते पुन्हा ताटात येतं आणि त्या सुमारास मागणीही वाढते. तेव्हाच्या तोड्यात किडका माल किती निघणार, ते आत्ता भाद्रपदात ठरतंय, कारण झाडाला फळ नाही तोवर शेंडे व फळ पोखरणारी अळी शेंड्यात राहते. फळं लागली की ती फळात उतरते.

सकाळी सरीतून चालताना बघा. सगळं झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकून लोंबतोय, असं दिसलं की तो पाण्याच्या ताणाने सुकलेला नाही. नखाने उभा चिरा. आत काळपट विष्ठा आणि फिकट गुलाबी अळी सापडेल. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती आत शिरते आणि आपल्या विष्ठेने भोक बुजवून टाकते. मग वरून कितीही भारी औषध मारा, ते तिच्या अंगाला लागतच नाही. म्हणून सध्या पाठपंपापेक्षा कात्री जास्त काम करते. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून शेंडा छाटा, पिशवीत भरा आणि जाळा किंवा खोल पुरा. छाटलेले शेंडे बांधावर फेकलेत तर अळी तिथेच पालापाचोळ्यात कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होऊन परत तुमच्याच पिकावर येते. आठवड्याचा एक वार ठरवून घ्या, तो चुकवू नका. झाडाला बाजूने नवे फुटवे येतात, त्यामुळे शेंडा गेला म्हणून जीव तुटू देऊ नका.

जोडीला कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे सापळे. नर पतंग पकडून मादीचं मीलन रोखायचं असेल तर एकरी चाळीस सापळे, साधारण दहा-दहा मीटरवर लागतात. नुसती टेहळणी करायची तर चार-पाच पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायचं त्या वासाचं आमिष, मात्र वांग्याच्या शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीचाच मागून घ्या. मला एकदा दुकानातून हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा ल्यूर मिळाला होता. तीन आठवडे रोज सापळ्यात डोकावत होतो, आपला पतंग एकही नाही, आणि मी समजत होतो की शेतात कीडच नाही. तेवढ्यात शेंडे गेले. बरोबर ल्यूर असला तर सापळ्यातल्या पाण्यात पांढऱ्या पंखांवर तपकिरी ठिपके असलेले छोटे पतंग दिसतात.

निंबोळी अर्क घरीच करा. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने पिळून गाळा, 200 ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून एकूण 100 लिटर करा. हा 5 टक्के अर्क झाला. उन्हात त्याचा असर लवकर जातो, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूलाही. पांढरी माशी, तुडतुडे यांनाही तो आवर घालतो. तुडतुड्यांवर लक्ष ठेवाच, पर्णगुच्छ हा रोग तेच पसरवतात. बारीक पानांचा झुबका झालेलं झाड दिसलं की उपटा, त्यावर औषध नाही. आणि युरिया हात राखून टाका. कोवळी लुसलुशीत वाढ म्हणजे किडीला आमंत्रणच.

एवढं करूनही शंभरात पाचपेक्षा जास्त शेंडे किंवा फळं किडकी निघाली तरच रासायनिक औषधाकडे वळा, आणि आधी लेबल वाचा. वांग्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलच्या फवारणीनंतर काढणीला 22 दिवस थांबावं लागतं, इमामेक्टिन बेंझोएटनंतर 3 दिवस. तोडा चार-सहा दिवसांनी होतो. म्हणजे पहिलं औषध फळं लागण्याआधीच वापरायचं, चालू तोड्यात नाही. फवारून दुसऱ्या दिवशी वांगी बाजारात नेणं म्हणजे कुणाच्या तरी लेकराच्या ताटात विष वाढणं आहे.

तीन-चार औषधं एका टाकीत ढवळून मारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. वारा तोंडावर येईल असं उभं राहून, उघड्या अंगाने, उपाशीपोटी फवारणी नकोच.

शेताशेजारी गेल्या हंगामातली वाळलेली वांग्याची झाडं सरपणाला रचून ठेवली असतील तर आधी ती हलवा. त्यातल्या कोषांतून पतंग निघत राहतात आणि सापळे-कात्रीची मेहनत फुकट जाते. शेजाऱ्याच्या बांधावर ढीग असेल तर त्याच्याशीही बोला, पतंगाला सातबारा कळत नाही.