कोकणच्या खाडीत कयाक: परतताना भोवणाऱ्या या चुका टाळा

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. जाताना ती सगळ्यांनाच जमते. सकाळची वेळ, पाणी सपाट, वारा पडलेला आणि अंगात जोर. चार वल्ही मारली की होडी सुळकन पुढे जाते आणि वाटतं, यात काय अवघड आहे! कस लागतो तो परतताना. पाणी फिरलेलं असतं, समोरून वारा उठलेला असतो, खांदे भरून आलेले असतात आणि जेटी काही जवळ येत नाही. नवख्यांना शिकवताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हाताची चूक पाण्यात दुरुस्त करता येते. वेळेची चूक मात्र किनाऱ्यावरच झालेली असते आणि पाण्यात तिच्यावर फार इलाज उरत नाही. म्हणून सुरुवात वेळेपासून करू.

भरती-ओहोटी न पाहता निघणं

"रविवारी सकाळी सातला भेटू" असं ठरतं. सात का, तर सगळ्यांना जमतं म्हणून! खाडीला रविवार कळत नाही. सपाट पाण्यावर नवखा माणूस ताशी चारेक किलोमीटर वल्हवतो. समोरून ओहोटीच्या पाण्याचा ओढाही तेवढाच असेल तर कितीही हात मारा, होडी जागच्या जागीच राहते. भरतीचे किंवा ओहोटीचे साधारण सहा तास धरले तर पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी हळू सरकतं आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी इकडचं तिकडे होतं. त्या दोन तासांत खाडीच्या अरुंद जागी, पुलाच्या खांबांपाशी किंवा मुखाशी ओढ्याविरुद्ध जायचं नाही, हा नियम पाळलात तरी अर्धी लढाई जिंकलात.

वेळ काढायचं जुनं गणित कोकणातल्या दर्यावर्दी घरांत आजही तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. हे गणित मुंबई-रायगडकडे चांगलं जुळतं. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधी येते. मिनिटांसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच, पण बेत आखायला तिथी पुरते आणि ती घरच्या दिनदर्शिकेवर असतेच.

आता वारा यात मिसळा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? ऑक्टोबर ते मार्च या हंगामात कोकण किनाऱ्यावर ते अगदी तसेच वाहतात. रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई. दिवस तापला की अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून वारा उठतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो.

लोक चुकतात ते नेमके पौर्णिमेच्या सहलीत. चांदण्याच्या हौसेने मुक्काम ठरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भरतीबरोबर खाडीत आत शिरायचं, बाराला वळायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. कागदावर हे उत्तम दिसतं. पण आपल्या बहुतेक खाड्या पूर्व-पश्चिम आहेत. दुपारी मुखाकडून आत येणारा वारा आणि बाहेर जाणारी ओहोटी यांची समोरासमोर टक्कर होते, आणि उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी म्हटल्यावर ओढाही जोरदार. अशा पाण्यावर आखूड, उभ्या, जवळजवळ येणाऱ्या लाटा उठतात आणि सकाळी आरसा असलेली खाडी दीड वाजता ओळखू येत नाही. त्याऐवजी एकादशी-द्वादशीची सकाळ धरा. भरती आठ-नऊच्या सुमारास पूर्ण होते. साडेसहाला उजाडताना निघालात तर पाणी तुम्हाला आत घेऊन जातं, तेच पाणी परत आणतं आणि वारा उठायच्या आत तुम्ही चहा पीत बसलेले असता. उधाण भरात नसल्याने ओढाही बेताचा. नवख्यांसाठी याहून चांगली वेळ मला ठाऊक नाही.

सकाळच्या शांत समुद्रावर भरवसा

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी समुद्र इतका शांत असतो की मोह होतोच. पण तो शांत दिसतो याचं एक कारण असं की वारा तुमच्या पाठीमागून, जमिनीकडून येतोय. किनाऱ्यालगत माडांचा आडोसा असतो. जरा बाहेर गेलात की तोच वारा होडी हळूहळू पश्चिमेला ढकलतो आणि बोलण्याच्या नादात ते लक्षातही येत नाही.

ओळखायचं कसं? किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, पुढे एखादा माड आणि मागे घराचं छप्पर. वल्हं मांडीवर ठेवा आणि दोन मिनिटं नुसते बसा. माड छपरावरून बाजूला सरकला तर तुम्ही किनाऱ्याला समांतर वाहताय. दोन्ही रेषेतच राहिले पण बारीक होत गेले तर तुम्ही बाहेर चालला आहात आणि वळायची वेळ झाली आहे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा प्रत्येक संगमावर वाळूचा उथळ पट्टा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समुद्राच्या लाटा त्याच्यावर येऊन फुटतात. किनाऱ्यावरून ती नुसती पांढरी रेघ दिसते, कयाकमध्ये बसल्यावर ती छातीएवढी असते. स्थानिक होडीवाला "आता नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

वल्हं उलटं धरणं, आणि मग मनगट दुखणं

हे इतक्यांदा दिसतं की सांगायलाच हवं. बहुतेक कयाक-वल्ह्यांच्या पात्याची एक कड लांब आणि एक आखूड असते. लांब कड वर आली पाहिजे आणि पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पात्यावर नाव छापलेलं असेल तर ते बहुधा सुलट वाचता येतं. उलट धरलेलं वल्हं पाण्यात थरथरतं आणि ते आवरायला माणूस मूठ आणखी आवळतो.

तासाभराने मनगट दुखायला लागलं, अंगठ्याच्या बेचक्यात फोड आले, तर दोष जवळजवळ नेहमी आवळलेल्या मुठीचा असतो. वल्हं ओढणाऱ्या हाताने नुसतं आकड्यासारखं धरा आणि वरच्या हाताची बोटं प्रत्येक फेरीत उघडी सोडा. जोर दंडातून काढायचा नाही. उजवीकडे पातं पाण्यात घालताना उजवा खांदा पुढे न्या, पातं पावलाजवळ बुडवा, उजव्या पायाने होडीतल्या पावलाच्या टेकणीवर दाब द्या आणि कमरेपासून अंग वळवत ओढा. पातं कमरेशी आलं की बाहेर. त्यापुढे ओढत राहिलात तर पाणी नुसतं वर उचललं जातं आणि होडीचं नाक वळतं. दुसऱ्या दिवशी दंडाऐवजी पोटाच्या बाजू दुखल्या तर समजा, वल्हवणं जमायला लागलं.

पाय बधिर होत असतील तर टेकण्या तपासा. गुडघे किंचित वाकलेले हवेत, ताठ नकोत. मागच्या खिशातलं पाकीटही काढून ठेवा.

होडी सरळ जात नाही

आधी स्वतःकडे पाहा. वल्ह्यावर दोन्ही हात मधोमध आहेत का? नसतील तर एका बाजूचं पातं लांब पडतं आणि होडी दुसरीकडे वळते. तेही बरोबर असेल तर कारण वारा.

चालती कयाक वाऱ्याकडे तोंड फिरवते, ही तिची खोडच आहे. वारा उजवीकडून असेल तर नाक उजवीकडे जातं. लोक घाबरून डाव्या हाताला थांबवतात किंवा वल्हं पाण्यात उलटं दाबतात. त्यात नुसता वेग जातो. त्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे इथे उजवीकडे, नाकापासून शेपटापर्यंत मोठा अर्धगोल मारा आणि होडी किंचित त्याच बाजूला कलती ठेवा. होडीखाली स्केग, म्हणजे शेपटाखाली पाण्यात सोडायचं पातळ पातं, असेल तर तो थोडा सोडा. सामान असेल तर जड पिशवी मागे सरकवा. शेपूट पाण्यात बसलं की नाक वाऱ्याकडे जायचं कमी होतं.

होडी जड लागते, डुलते

बंद खोक्यासारख्या, वर बसून चालवायच्या सिट-ऑन-टॉप कयाकच्या पोटात पाणी शिरू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं. कारण जवळजवळ नेहमी एकच: शेपटाकडचं बूच. ते विसरलेलं असतं, आडव्या आट्यांत बसवलेलं असतं किंवा त्याची रबरी चकती हरवलेली असते. भाड्याची होडी घेताना बोटाने ते बूच फिरवून बघा. मग होडी एका टोकाला उचलून हलवा. आत खळखळलं तर बूच काढा, नाक वर धरा आणि पाणी पूर्ण जाऊ द्या. आत वीस-तीस लिटर पाणी असेल तर ते प्रत्येक झोल्याला एका बाजूला धावतं आणि होडी आणखी कलंडवतं. बूच नीट असूनही पाणी येत असेल तर बसायच्या जागेजवळच्या आरपार भोकांच्या कडा तपासा. रेतीवर ओढलेल्या होड्यांना तिथे बारीक चिरा पडतात. अशी होडी घेऊ नका.

उलटल्यावर चढता न येणं

उलटण्यात कमीपणा नाही. उलटल्यावर परत चढायचा सराव नसणं ही चूक आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. "मला पोहता येतं" हे त्याचं उत्तर नाही. थकलेल्या माणसाला होडीत चढण्यासाठी पोहण्यापेक्षा युक्ती जास्त लागते.

सराव छातीभर पाण्यात, सोबत कुणी असताना करा. आधी होडी आणि वल्हं, दोन्ही हातात ठेवा. होडी सुलट करा. तिच्या मध्याशी, कडेला येऊन दोन्ही हात वर टाका. आता पाय खाली लोंबू देऊ नका. ते मागे पाण्यावर आणून पोहल्यासारखे झाडा, म्हणजे अंग आडवं होईल. मग वर उचलायचा विचार न करता पोटावर सरकत आडवे होडीवर या, बेंबी होडीच्या मधोमध येईपर्यंत. थांबा, श्वास घ्या. मग पाठीवर वळून बूड खोबणीत टाका आणि शेवटी पाय आत घ्या. बहुतेक लोक हात टेकून सरळ वर चढायला जातात आणि होडी पुन्हा अंगावर घेतात.

लाइफ जॅकेट ढिलं असेल तर हे सगळं फुकट. पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. आणि ते होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे.

चिखल, कालवं आणि जाळी

मुंबईजवळ उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे दोनेक मीटर. त्यामुळे धरमतरसारख्या खाडीत ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. अडकलात तर उतरून होडी ढकलू नका. पाय मांडीपर्यंत जातो आणि चप्पल तिथेच राहते. बसून राहा, पाणी येईल. खडकांवरची आणि खांबांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात, म्हणून जाड तळाचे जुने बूट हवेतच. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या तरंगत्या बोयांना वळसा घाला. दोरी धरून विसावा घेणं हा त्यांच्या पोटावर पाय आहे.

लांबच्या प्रवासाची घाई

कौस्तुभ खाडे यांनी 2015 मध्ये मुंबई ते गोवा कयाकने गाठलं आणि पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा एकट्याने वल्हवला. त्या मोठ्या प्रवासात शांजली शाही किनाऱ्याने सायकलवरून सोबत होत्या. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. किनारा प्रवासात जमिनीवरचा माणूस होडीइतकाच महत्त्वाचा.

पहिल्याच मुक्कामी सहलीत तीस किलोमीटरचा बेत आखू नका. बारा-पंधरा भरपूर झाले. जड सामान, म्हणजे पाणी आणि डबे, बैठकीच्या जवळ आणि तळाशी. तंबू-कपडे टोकांना. पाणी माणशी चार-पाच लिटर, त्यात मीठ-साखर किंवा कोकम, कारण घामाने जाणारं मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही. भरलेली होडी घेऊन आधी घरच्या खाडीत एक सकाळ काढा. भरलेली कयाक वळायला आणि थांबायला वेगळीच वागते.

लाटांच्या किनाऱ्यावर उतरताना बाहेर थांबून लाटा मोजा. मोठ्या लाटांचा घोळका गेला की शेवटच्या लाटेच्या पाठीवर राहून आत या, तिच्या पुढे नाही. होडी आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला झुका. उतरल्यावर होडी आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहू नका. पुढची लाट तीच होडी गुडघ्यांवर आणून आदळते.

फोन जलरोधक पिशवीत, शिट्टी जॅकेटला बांधलेली. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक 1554, सर्वसाधारण मदतीसाठी 112. आणि किनाऱ्यावरच्या माणसाला निघण्याआधी तीन गोष्टी लिहून द्या: कुठून उतरलो, कुठे लागणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने विचारपूस सुरू करायची. ती वेळ भरती पाहून ठरवा आणि पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी त्याला फोन करा.