थंडीत सोलर कमी पडतंय? आधी गच्चीवरची सावली बघा

डिसेंबर लागला की आमच्या कोपरखैरण्याच्या रो-हाउसांच्या गल्लीत कुणी ना कुणी विचारतंच, "थंडीत सोलर कमी चालतं ना हो?" खरं म्हणजे थंडी पॅनलला मानवते. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे पॅनल जितकं तापेल, तितकी दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मेच्या उन्हात ते जितकं भाजून निघतं, तितकं जानेवारीत निघत नाही. दिवस मात्र लहान होतो. जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरअखेर अकरा तासांवर येतो. पण आभाळ स्वच्छ असतं, आणि दक्षिणेकडे कललेल्या पॅनलला खाली आलेला सूर्य बऱ्यापैकी समोरून मिळतो. ठाणे-नवी मुंबईत सोलरचे खरे वाईट महिने जुलै-ऑगस्ट. त्यामुळे थंडीत युनिटं बरीच घसरली असतील, तर गुन्हेगार बहुधा दोनच: सावली किंवा धूळ.

आधी आलेख बघा

इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपमध्ये निरभ्र दिवसाचा वीजनिर्मितीचा आलेख उघडा. तो घंटेसारखा गोल हवा. रोज ठरावीक वेळी त्याला घास घेतल्यासारखी खाच पडत असेल, तर ती सावली. आकार गोलच, पण सगळा आलेख बुटका झाला असेल, तर धूळ. ढगाळ दिवसाशी तुलना करत बसू नका. ढोबळ हिशोब असा की एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटं, म्हणजे तीन किलोवॉटला बाराच्या आसपास.

आलेखाचं शिखर बारा वाजता दिसलं नाही म्हणून घाबरू नका. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून आपल्याकडे डिसेंबरअखेर सूर्य सर्वांत उंच येतो तो १२.४०च्या सुमारास.

मग सावली शोधा

इथं मी स्वतः फसलो. आमच्याकडे सर्व्हेला मुलगा आला तो मेच्या मध्यावर. त्या दिवसांत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. "जागा एकदम क्लीन आहे काका," म्हणाला. नोव्हेंबर उजाडला आणि दक्षिणेकडच्या टाकीची सावली दोन पॅनलांवर येऊन बसली. चूक त्याची, तशी माझीही. गच्ची माझी, हिवाळ्यातली सावली मी इतकी वर्षं बघत आलो होतो.

गणित सोपं आहे. २२ डिसेंबरला दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी, आणि ती उत्तरेला. सकाळी नऊला तीच सावली अडीचपट लांब. शेजाऱ्याने मजला चढवला असेल तर हिशोब तुम्हीच करा.

एका निरभ्र सुट्टीच्या दिवशी नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन पॅनलांचे फोटो काढा. त्यातलं अकरा आणि एकचं नुकसान सर्वांत महाग. सावली कोपऱ्यावर आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. पॅनलमधल्या बायपास डायोडमुळे (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या भागामुळे) एकमेकांना जोडलेल्या पॅनलांची सगळी रांग ठप्प होत नाही, पण त्या पॅनलचा तिसरा हिस्सा, कधी अख्खं पॅनल कामातून जातं.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. कपड्यांची दोरी आणि टीव्हीची डिश हलवा. आमच्याकडे थंडीत गोधड्यांना ऊन द्यायची जागा म्हणजे पॅनलच झाली होती; आईला ती "छान तापलेली" मिळायची! मग टाकी सरकवता येते का बघा. नाहीच जमलं, तर सावलीतली पॅनलं दुसरीकडे नेणं, वेगळ्या रांगेत जोडणं किंवा त्यांना ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलला स्वतंत्रपणे चालू देणारं उपकरण) लावणं, याविषयी सोलरवाल्याशी बोला. झाड आडवं येत असेल तर महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय फांदी तोडू नका.

धुणं: वेळ आणि पाणी महत्त्वाचं

पावसाळ्यात पॅनलं आपोआप धुतली जातात. ऑक्टोबरनंतर थेट जूनपर्यंत ते विसरा. घोडबंदर रोडची बांधकामं असोत की महापे-रबाळ्याची एमआयडीसी, धूळ सगळीकडे तीच. त्यावर पहाटेचं दव पडलं की तिचा चिखल होतो आणि पॅनलच्या खालच्या कडेला थर धरतो. वरून काच चकाचक दिसते, पण ती कडा बोटाने पुसून बघा. थंडीत दर दहा-पंधरा दिवसांनी धुणं पुरतं.

सकाळी सातच्या आसपास, दव ओलं असताना धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नको. मऊ मॉप, साधं पाणी, साबण नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर ते वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात. लगेच रबरी वायपरने ओढून काढा. कबुतरांची विष्ठा खरवडायची नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं. पॅनलवर पाय देऊ नका. उजेड असेपर्यंत तारांत वीज असते, इन्व्हर्टर बंद केला तरी. त्यामुळे जोडण्यांना हात लावायचा नाही. आणि कठड्यावर चढून धुणारे महाभाग मी पाहिलेत. लांब दांड्याचा मॉप फार महाग नसतो.

पॅनलचा कल

आपल्याकडे पॅनलं साधारण २० अंशांवर बसवलेली असतात. थंडीपुरती ३५ अंश केली, तर भर दुपारी सात-आठ टक्के वीज जास्त मिळते. दिवसभराची सरासरी त्याहून कमी. त्यासाठी खाडीच्या वाऱ्यात बोल्ट सैल करायचे आणि मार्चमध्ये परत बसवायचे? मी तरी करणार नाही.

बिलाकडे जानेवारीतच बघा

थंडीत एसी बंद, त्यामुळे नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर) युनिटं शिल्लक पडत जातात. अनेकांना वाटतं, मेमध्ये एसीला वापरू. पण हा हिशोब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला उरलेली युनिटं वीज कंपनी विकत घेते, तीही तुम्ही भरता त्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने. एप्रिल शून्यापासून सुरू होतो.

म्हणून जानेवारीच्या बिलात मागील शिल्लक युनिटांचा आकडा शोधा. तो फुगलेला दिसला तर मार्चपर्यंत गॅसऐवजी इंडक्शन वापरा, स्कूटर घरीच चार्ज करा. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, तेही याच शिल्लकीतून जाऊ द्या. आकडा शून्याजवळ असेल, तर यातलं काहीच करायची गरज नाही.