हसले, म्हणजे पटलं असं नाही

टीम लीड झाल्यावर एक गंमत होते. तुमचे विनोद एकदम सुधारतात! कालपर्यंत ज्या वाक्यावर कोणी मान वर करत नव्हतं, त्यावर आज मीटिंगमध्ये हशा पिकतो. विनोद तोच असतो, पण अप्रेझल आता तुमच्या हातात आलेलं असतं. तसंही माणूस विनोदावरच हसतो असं नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधले सुमारे १२०० हशे टिपले, तेव्हा विनोद म्हणावा अशा वाक्यानंतरचे त्यात २० टक्केही नव्हते. त्यामुळे किती जण हसले, हे मोजू नका. हसून झाल्यावर कोण काय बोललं, तिकडे कान द्या.

माझ्या आधीच्या मॅनेजरना हे छान जमायचं. एकदा सॉफ्टवेअरचं रिलीज फसलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे खाली माना घालून बसले होते. ते आले आणि म्हणाले, "'दोन तासांचं काम आहे' असं सोमवारी छातीठोकपणे सांगणारा इसम मीच. यापुढे माझ्या अंदाजाला दहाने गुणत जा." जरा हसू फुटलं. मग कोपऱ्यातला सगळ्यात नवा मुलगा हळूच म्हणाला, "सर, अजून एक बग आहे. मला काल दिसला होता, पण…" तो बग त्या दिवशी निघाला नसता तर पुढचं रिलीजही गेलं असतं.

कॅनडातले रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. तिसरा वाईट हे कोणालाही कळतं (तरी शालजोडीतले देण्याची हौस काही जात नाही). नवे लीड फसतात ते चौथ्यात. स्वतःच्या अंदाजावर, विसराळूपणावर खुशाल हसा. पण "मला यातलं काही कळत नाही" हे पालुपद रोज लावलं, तर लोक ते हळूहळू खरं मानू लागतात. माझ्या मॅनेजरना कोटी करणं परवडलं, कारण त्यांना काम येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पगार, नोकरकपात, कोणाचं दिसणं, कोणाचे उच्चार, हे विषय वर्ज्य. चॅटवर तर आणखी जपून. तिथे आवाजाचा सूर पोहोचत नाही, आणि शेवटी 'ह. घ्या' (हलके घ्या) लिहून लागलेला टोमणा हलका होत नाही. कोणाला लागलंच, तर "अरे, गंमत केली" म्हणू नका. बाजूला गाठून सरळ माफी मागा.

विनोद करणं स्वभावातच नसेल तर ओढूनताणून करू नका, दुसऱ्यांचे होऊ द्या. टीममधल्या कोणी भर मीटिंगमध्ये तुमची फिरकी घेतली, तर लगेच परतफेड करायची नाही. हसायचं आणि पुढच्या मुद्द्यावर यायचं. पुढच्या वेळी तोंड उघडायचं की नाही, हे बाकीचे तेव्हाच ठरवत असतात.